हार्ड डिस्क, नॅस की क्लाउड? खंडणी मागणाऱ्या व्हायरसपुढं कुठला बॅकअप टिकतो

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून सकाळी साडेनऊला फोन आला. "टॅलीत कंपनीच दिसत नाही ओ, जरा येऊन बघा की." मी पोचलो तेव्हा अकाउंट्सच्या मॅडम खुर्ची मागं सरकवून नुसत्या स्क्रीनकडं बघत बसल्या होत्या. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, फोल्डर उघडला. फायली होत्या, पण प्रत्येकीच्या नावाला एक अनोळखी शेपूट चिकटलेलं. प्रत्येक फोल्डरमध्ये एक नवीन टेक्स्ट फाइल, आणि तिच्यात पैसे कसे भरायचे याच्या सूचना. मालकांचा पहिला प्रश्न, "बॅकअप आहे नव्हं?"

होता. सीपीयूच्या मागं यूएसबीला लावलेली हार्ड डिस्क, वायर निसटू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळलेली. रोज रात्री आठला तिच्यावर आपोआप कॉपी जायची. तिच्यातल्या फायलींनाही तेच शेपूट लागलं होतं. ती पट्टी मीच बांधली होती.

शेवटी हाताला लागला तो सीएंकडं ऑडिटसाठी दिलेला पेन ड्राइव्ह. त्यातला डेटा १९ दिवस जुना. मधली बिलं, डिलिव्हरी चलनं, जॉबवर्कच्या नोंदी तिघांनी बसून पुन्हा भरल्या. विक्रीचा मेळ जीएसटी पोर्टलवरून घातला, बँकेचा स्टेटमेंटवरून. ड्रॉइंगं मात्र पार्ट्यांकडून पुन्हा मागवावी लागली. ते फोन मालकांनी केबिनचं दार लावून केले.

तेव्हापासून कुणी बॅकअपबद्दल विचारलं की किमतीच्या आधी मी एकच गोष्ट तपासतो. ज्या कॉम्प्युटरवर व्हायरस शिरेल, तिथून बॅकअपपर्यंत हात पोचतो का? पोचत असेल तर तो बॅकअपही गेला असं धरून चालायचं. खालचे सगळे पर्याय याच कसोटीवर घासून बघितले आहेत.

हा खंडणीचा व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, येतो कुठून, ते आधी थोडक्यात. घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप उघडा ठेवलेला आणि पासवर्ड सोपा, ही एक वाट. बिल किंवा कुरिअरच्या नावानं आलेली मेल, ही दुसरी. तिसरी म्हणजे क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, आणि आपल्याकडं कॅडपासून फोटोशॉपपर्यंत ते सर्रास वापरलं जातं. चौथी वाट अपडेट न केलेल्या विंडोजची. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा असाच व्हायरस जगभर पसरला, तेव्हा ते भगदाड बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेला होता. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तरी कितीतरी ऑफिसांत तीच चालू आहे. धातू तपासणाऱ्या स्पेक्ट्रोला किंवा जुन्या सीएनसी मशिनला जोडलेला पीसी तर पुष्कळदा विंडोज ७ वरच असतो आणि तो बदलताही येत नाही. अशा पीसीचं इंटरनेट तोडा, त्याला ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा. आत शिरलेले लोक पुष्कळदा फायली उघडणारच नाहीत असं कुलूप लगेच लावत नाहीत. आधी बॅकअप कुठं आहे ते शोधतात, तो पुसतात, मग बाकीच्या फायलींना हात घालतात.

काढून ठेवायची हार्ड डिस्क

सगळ्यात स्वस्त पर्याय. पोर्टेबल हार्ड डिस्क काही हजारांत मिळते, चालवायला इंजिनिअर लागत नाही आणि डेटा परत घेणंही झटपट होतं. ५०० जीबी डेटा यूएसबी ३ वरून साधारण दीड तासात परत येतो. हाच डेटा १०० एमबीपीएसच्या इंटरनेटवरून उतरवायचा तर, लाइन पूर्ण वेगानं चालली तरी, ११ तास जातात. डिस्पॅच थांबलेला असताना आणि दारात ट्रक उभा असताना हा फरक फार मोठा असतो.

पण डिस्क लावूनच ठेवली तर ती बॅकअप राहत नाही, कॉम्प्युटरचाच एक भाग होते. म्हणून डिस्क एक नको, दोन घ्या. एकीवर 'सोम', दुसरीवर 'गुरू' असं मार्करनं लिहा. सोमवारी पहिली लावायची, कॉपी झाली की काढायची आणि कपाटात ठेवायची. गुरुवारी दुसरी. दोन्ही डिस्क एकाच वेळी कॉम्प्युटरला कधीच लावायच्या नाहीत. कॉपी चालू असतानाच व्हायरस जागा झाला तरी एकच डिस्क जाते, दुसरी कपाटात शाबूत राहते.

यातली खरी अडचण माणसाची. मार्चअखेरीची घाई, कुणाचं लग्न, कुणाची रजा, की डिस्क लावायची राहून जाते. मी एका वहीत तारीख आणि सही घ्यायला सुरुवात केली आहे. वहीत सलग दोन आठवडे सही नसली की मालकांना आपोआप कळतं.

नॅस

नॅस म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवर बसवलेला डिस्कचा छोटा डबा. दोन डिस्क धरून खर्च तीस-चाळीस हजारांच्या घरात किंवा त्याहून जास्त. दहा-पंधरा कॉम्प्युटर आहेत, डिझाइनवाले मोठमोठी ड्रॉइंगं टाकतात, सगळ्यांना एकच फोल्डर हवा आहे, अशा कारखान्याला नॅस सोयीचा. माणसाच्या आठवणीवर काही अवलंबून राहत नाही, हा त्याचा मोठा गुण.

इथं एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. "आत दोन डिस्क आहेत, म्हणजे दोन कॉप्या झाल्या की" असं मला कितीतरी मालकांनी सांगितलं आहे. तसं नाही. दोन्ही डिस्कवर एकाच क्षणी तेच लिहिलं जातं. एक डिस्क मेली तर दुसरी काम चालू ठेवते, तेवढ्यासाठीच ती व्यवस्था आहे. व्हायरसनं फाइल बिघडवली तर ती दोन्हीकडं त्याच क्षणी बिघडते.

व्हायरसपुढं नॅस टिकतो तो स्नॅपशॉटमुळं. ठरावीक वेळेला फायलींची त्या क्षणाची अवस्था जपून ठेवली जाते आणि साध्या युजरला तिला हात लावता येत नाही. मात्र नॅस विकून गेलेला माणूस स्नॅपशॉट चालू करून देतोच असं नाही. ते चालू आहेत का, स्वतः विचारा. नॅसचा अ‍ॅडमिन पासवर्ड ऑफिसच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर सेव्ह केलेला नको, कारण तो हाती लागला की स्नॅपशॉटही पुसता येतात. आणखी एक, घरून फायली बघायला मिळाव्यात म्हणून नॅस थेट इंटरनेटवर उघडू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरनं क्यूनॅप कंपनीचे असेच इंटरनेटवर उघडे असलेले नॅस गाठले आणि एकेका मालकाकडं ०.०३ बिटकॉइन मागितले. तिथं ऑफिसच्या कॉम्प्युटरमधून शिरायची गरजच पडली नव्हती.

गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह

"आमचं सगळं ड्राइव्हवर आहे" म्हणणारे निश्चिंत असतात, म्हणून त्यांची मला जास्त काळजी वाटते. ड्राइव्हचं काम म्हणजे कॉम्प्युटरवर जे बदललं ते वर पाठवणं. फायलींना कुलूप लागलं की कुलूप लागलेल्या फायली इमानेइतबारे वर जातात. सुटका होते ती जुन्या आवृत्त्यांमुळं. गुगल ड्राइव्ह साध्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत ठेवतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलेलं असेल तर वनड्राइव्ह मागच्या ३० दिवसांतल्या एखाद्या वेळेपर्यंत अख्खंच मागं नेता येतं. म्हणजे मुदत महिन्याभराची. बिघाड लवकर लक्षात आला पाहिजे, आणि खात्याला मोबाइलवर कोड येणारी दुहेरी पडताळणी पाहिजे.

टॅलीचा चालू डेटा फोल्डर ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून काम करू नका. उघड्या फायली अर्धवट वर जातात आणि व्हायरसशिवायच डेटा खराब होतो. टॅलीतून बॅकअप घ्या आणि ती बॅकअप फाइल वर टाका. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानाचा वर्षाचा हिशेब फार जागा खात नाही, त्याला हे पुरतं.

कुलूपबंद क्लाउड बॅकअप

हा वेगळा प्रकार आहे, ड्राइव्हशी त्याची गल्लत करू नका. यात बॅकअपचं सॉफ्टवेअर रोजची कॉपी इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर पाठवतं आणि ठरवलेल्या मुदतीपर्यंत ती कुणालाच पुसता येत नाही. अ‍ॅमेझॉनच्या साठवणुकीत याला ऑब्जेक्ट लॉक म्हणतात. त्याच्या कडक प्रकारात खात्याच्या मुख्य मालकालासुद्धा मुदतीआधी फाइल काढता येत नाही. माझ्या कसोटीवर हा पर्याय सगळ्यात पक्का. पासवर्ड चोराच्या हाती गेला तरी कॉपी जागेवर राहते.

पण चुकून ९० ऐवजी ९०० दिवसांची मुदत लावली तर तितके दिवस बिलही भरावं लागतं, म्हणून जाणकाराकडूनच बसवून घ्या. पहिली कॉपी जायलाही वेळ लागतो. अपलोड ५० एमबीपीएस असेल तर ५०० जीबीला जवळजवळ एक पूर्ण दिवस. सर्व्हर मुंबईतला निवडा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी कायद्याच्या नियमांतल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप रोज आणि भारतातल्याच सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात, त्यामुळं वर्षअखेरीची एक कॉपी वेगळी काढून ठेवा.

भाड्यानं क्लाउडवर टॅली चालवणारेही आता बरेच आहेत. तिथं डेटा दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतो आणि बॅकअप त्याच्या भरवशावर. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला व्यवहारांच्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं आणि देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआयसकट पैशांचं देणंघेणं अडलं. त्या बँकांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर काही झालेलं नव्हतं. म्हणून भाड्यानं टॅली घेतली असेल तरी आठवड्याला एक कॉपी स्वतःकडं उतरवून घ्या.

अँटीव्हायरस हवाच, परवाना भरलेला हवा. पण तो दारावरचा राखणदार. दार फुटल्यावर डेटा परत आणून देणं त्याच्या हातात नाही, तेव्हा बॅकअपच्या पैशांतून तो घेऊ नका.

कोल्हापुरात आणखी एक हिशेब धरावा लागतो, पाण्याचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी भागातल्या दुकानांत पाणी शिरलं. तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेला नॅस आणि त्याच टेबलाच्या ड्रॉवरमधली हार्ड डिस्क, दोन्ही एकदमच भिजतात. एक कॉपी वेगळ्या वस्तीत पाहिजे. दुकान आणि घर दोन्ही पूररेषेत असेल तर घरी नेलेल्या डिस्कचा उपयोग नाही.

आता निवड. एक-दोन कॉम्प्युटरचं दुकान, अडत, हुपरीतला चांदीचा छोटा व्यवसाय असेल तर दोन हार्ड डिस्क आणि टॅलीचा बॅकअप ड्राइव्हवर. नॅसवर पैसे घालू नका. दहाच्या पुढं कॉम्प्युटर असलेली फाउंड्री किंवा मशिन शॉप असेल तर स्नॅपशॉटवाला नॅस, शिवाय नॅसवरून आठवड्याला काढून ठेवायची डिस्क. दोन-तीन ठिकाणी युनिटं आहेत, एक दिवस बंद राहिलं तरी मोठ्या पार्टीचा दंड बसतो, अशांनी नॅसच्या जोडीला कुलूपबंद क्लाउड घ्यावाच. बजेट एकाच गोष्टीचं आहे म्हणाल तर मी डोळे झाकून दोन डिस्क सांगेन. कुलूप नसलेल्या, रोज ऑनलाइन असणाऱ्या महागड्या व्यवस्थेपेक्षा कपाटातली सुटी डिस्क बरी.

एक गोष्ट यातला कुठलाच बॅकअप करू शकत नाही. हल्ली आधी डेटा चोरतात, मग कुलूप लावतात, आणि पैसे दिले नाहीत तर तो उघड करू म्हणून धमकावतात. पार्टीची ड्रॉइंगं गोपनीयतेच्या करारावर घेतली असतील तर ती सगळ्या कॉम्प्युटरांवर मोकळी ठेवू नका, ज्याला लागतात त्यालाच द्या.

हल्ला झालाच तर नेटवर्कची वायर आणि वाय-फाय आधी तोडा. बॅकअपची डिस्क घाईनं लावू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, सायबर पोलिसांत तक्रार द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवण्याचा नियम एप्रिल २०२२ मध्ये काढलेला आहे. खंडणी भरून चावी मिळेलच याची खात्री कुणी देत नाही. २०१६ मध्ये युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांसोबत सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर काही जातींच्या व्हायरसच्या चाव्या फुकट मिळतात. आज चावी नसली तरी पुढं येऊ शकते, म्हणून कुलूप लागलेल्या फायलींची एक कॉपी ठेवून मगच कॉम्प्युटर फॉरमॅट करा.

आणि कुठलाही पर्याय घेतला तरी डेटा परत आणून बघा. त्या फाउंड्रीत आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी मॅडम कपाटातली डिस्क काढतात, नेटवर्कला न जोडलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर टॅलीचा बॅकअप रिस्टोअर करतात आणि बॅकअपच्या दिवशी छापून ठेवलेल्या ट्रायल बॅलन्सशी आकडे ताडून बघतात. दोन ड्रॉइंगंही उघडून बघतात. आकडे जुळले की वहीत सही करतात आणि डिस्क परत कपाटात जाते. या सगळ्याला ४० मिनिटं लागतात.