कपाशीच्या टरफलांचे चांदीचे गळ्यातले : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत जळगावातल्या एका तरुण कारागीर ताईंकडून मी चांदीचे एक गळ्यातले घडवून घेतले आणि श्रावणातल्या कानबाईच्या रोटांच्या सणापर्यंत ते शाळेत, लग्नकार्यांत आणि प्रवासात सतत वापरले. वजन ४२ ग्रॅम. चांदी ९२५ ची, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेले बहुतेक तांबे, कारण निव्वळ चांदी फार मऊ असते आणि रोजच्या वापरात तिचा आकार टिकत नाही.

कपाशीवरून दागिना म्हटला की फुललेले पांढरे बोंड डोळ्यांपुढे येते. या ताईंनी मात्र वेचणी झाल्यावर पऱ्हाटीवर उरणारे वाळके टरफल निवडले, कारण लहानपणी वेचणी करताना त्याच्याच टोकांनी त्यांची बोटे ओरबाडली जात. पातळ पत्रा राळेवर बसवून त्यांनी मागच्या बाजूने ठोकत प्रत्येक पाकळीला खोलगटपणा दिला आहे आणि पुढून बारीक छिन्नीने शिरा उठवल्या आहेत. अशी सात टरफले एका कडक, गोल तारेवर डाख देऊन बसवली आहेत. त्यांपैकी एकाला चारऐवजी तीनच पाकळ्या आहेत. मला ती चूक वाटली होती, पण भावाच्या शेतात पाहिले तेव्हा तीन, चार आणि पाच कप्प्यांची बोंडे जवळजवळच्या झाडांवर सापडली.

साखळीऐवजी कडक तार घेण्यामागे सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा बायांच्या गळ्यातली वजनदार चांदी आहे. जयपूरच्या आम्रपाली या दागिन्यांच्या पेढीची सुरुवात १९७८ मध्ये झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांनाही आदिवासी चांदीनेच ओढ लावली होती. इथे ताईंनी जुन्या दागिन्याची नक्कल केलेली नाही, फक्त गळ्यावर न हलता बसण्याचा त्याचा गुण घेतला आहे, आणि फळ्यावर लिहिताना मला तो रोज जाणवतो.

खोलगट भागाला गंधकयुक्त द्रावणाने मुद्दाम काळेपणा दिलेला आहे. कपाटात चांदी आपोआप काळवंडते तीच ही क्रिया, फक्त हव्या त्या जागी घडवून आणलेली. दहा महिन्यांत उंच शिरा कापडाला घासून उजळल्या, खोलवरचा काळेपणा राहिला, आणि आता ती टरफले नवी असताना होती त्याहून खरी दिसतात. सासूबाईंनी एकदा प्रेमाने दंतमंजन लावून दोन टरफले घासली, तेव्हा ती पांढरीफटक झाली आणि पुन्हा काळी करून घ्यावी लागली. अशा कामाला रिठ्याचे पाणी आणि मऊ फडके पुरते. रबरबँड मात्र जवळही ठेवू नये, रबरातल्या गंधकाने चांदीवर डाग पडतात.

तक्रारी तीन आहेत. दोन टोके सुती साडीचे धागे ओढत होती. ताईंनी कानस मारून ती बोथट केली. मागचा आकडा पाचव्या महिन्यात उघडू लागला, तो जाड तारेचा बदलून मिळाला. या दोन्हींचे पैसे घेतले नाहीत. तिसरी तक्रार मात्र कायम आहे : पारा पंचेचाळिशीला टेकला की गळ्यातल्याला लावलेल्या दोऱ्याच्या गोंड्याचा लाल रंग घामाबरोबर ब्लाउजच्या गळ्यावर उतरतो, आणि तो डाग धुऊन जात नाही.

घडणावळ चांदीच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट पडली. आमच्या गावात सोन्याचांदीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यामुळे ज्याने त्याने मला पहिला प्रश्न विचारला, ‘मोडीला किती येतील?’ मोडीला फक्त वजनाचे पैसे येतील, हे घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावे. राळेवर बसवलेल्या एकेका पाकळीवर किती ठोके पडतात हे मी त्यांच्या कामाच्या जागी बसून पाहिले आहे, म्हणून मला ती रक्कम रास्त वाटते. भाचीसाठी दुसरे गळ्यातले सांगितले आहे, फक्त त्याला गोंड्याऐवजी चांदीची बारीक साखळी लावायची आहे.