नागपुरात जुनी क्रूझर विकताना: थेट ग्राहक की डीलर?

मीटिओर ३५० असो की अ‍ॅव्हेंजर २२०, नीट राखलेल्या क्रूझरला (ऐसपैस बसून लांब पल्ल्याला चालवायच्या मोटारसायकलला) भाव थेट ग्राहकाकडेच जास्त मिळतो. डीलर वर्ष, मॉडेल आणि किलोमीटर बघतो. नव्या चेन-स्प्रॉकेटचे किंवा वेळेवर केलेल्या सर्व्हिसचे पैसे तो सहसा धरत नाही. क्रूझरचा हौशी ग्राहक मात्र बिलांची फाइल उघडतो.

तो यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवू नका. जाणकार माणूस पहिला हात इंजिनाला लावतो. गरम लागलं की थंड स्टार्टिंगची तक्रार लपवली, असाच त्याचा समज होतो. पुढच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या) नळीवर तेल दिसत असेल तर ऑइल सील आधीच बदला. टायरवरचा चार आकडी कोडही तपासा: ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२वा आठवडा. नागपूरच्या उन्हात नक्षी शाबूत असूनही रबर कडक होतं, कडेला बारीक चिरा पडतात, आणि भाव तिथेच तुटतो. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर असेल तर काढून मूळचा बसवा.

थेट विक्रीची खरी जोखीम कागदांत आहे. ‘नावावर नंतर करून घेतो’ हे कधीही मान्य करू नका. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. उद्या अपघात झाला तर भरपाईचा दावा तुमच्यावर येतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून हस्तांतरणाचा अर्ज भरा, पावती हातात आली की मगच चावी द्या. विक्रीची खबर आरटीओला १४ दिवसांत द्यावी लागते. ग्राहक छिंदवाडा-शिवनीकडचा, म्हणजे मध्य प्रदेशातला असेल तर आधी फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) लागेल. थकलेले ई-चलान त्याआधीच भरून टाका.

कर्ज चालू असेल किंवा बदलीमुळे पंधरा दिवसांत शहर सोडायचं असेल, तर थोडे पैसे सोडून डीलर परवडतो. पण तो आरटीओचं प्राधिकार प्रमाणपत्र असलेलाच हवा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमानुसार असा डीलर गाडी घेतो तेव्हा फॉर्म २९सी ऑनलाइन भरला जातो, आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी त्याची. कोऱ्या फॉर्मांवर सह्या मागून ‘बाकी आम्ही बघतो’ म्हणणाऱ्याला, दोन-तीन हजार जास्त देत असला तरी, गाडी देऊ नका.

दोन्हीकडे नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) मात्र तुमचाच राहतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीच्या विम्याला चालतं.