इंग्रजी क्रियापद ‘टेक’ (take) आधी नामांसोबत शिकावं की ‘ऑफ’, ‘आफ्टर’सोबत?

सोलापुरात टॉवेल निर्यातीच्या ऑफिसात नोकरी बघणाऱ्या माझ्या भाचीला हा प्रश्न पडलाय.

मेहनत बघितली तर नामांच्या जोड्या सोप्या. निर्णय, काळजी, भाग, ऑर्डर आपण ‘घेतो’, इंग्रजीतही ‘टेक’च. फक्त फोटो आपण काढतो आणि परीक्षा देतो, इंग्रजीत मात्र तिथेही ‘टेक’च, तेवढं जपावं.

‘ऑफ’, ‘आफ्टर’ लागले की अर्थच पालटतो. ‘टेक ऑफ’ म्हणजे विमान उडणं, चपला काढणंही. ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईवर जाणं. शिवाय रचना वेगळी: ‘टेक देम ऑफ’ चालतं, ‘टेक हर आफ्टर’ अजिबात नाही. हे नुसतं पाठ करून भागत नाही, वाक्यं ऐकून-वाचूनच अंगवळणी पडतं.

मुलाखत तोंडावर असेल, ईमेल लिहायचे असतील तर आधी नामं. इंग्रजी बातम्या, सिनेमे समजून घ्यायचे असतील तर दुसरा गट, आणि त्याला वेळ द्यायची तयारी हवी.