'नवीन' मॉड्यूल आमचंच निघालं

मोटार सुरू झाली की पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) ड्राइव्हशी, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या युनिटशी, संपर्क तुटायचा, बंद केली की परत यायचा. आरएस-४८५ या दोन तारांच्या डेटा लाइनवर मॉडबस ही संवादाची पद्धत, एका ओळीत सहा ड्राइव्ह. सहावा आम्ही नुकताच शेवटी जोडला होता. बाहेरून बोलावलेल्या माणसाने पॅनल उघडलं, लॅपटॉपवर टाइमआउटची (वेळेत उत्तर न आल्याची) लाल रांग दाखवली आणि सांगून टाकलं, "पीएलसीचं कम्युनिकेशन मॉड्यूल गेलंय."

इथेच मी थांबायला हवं होतं. मेलेलं मॉड्यूल मोटारीची वेळ पाहून मरत नाही. मोटार चालू असतानाच चूक होत असेल तर आधी केबल, तिचं शील्ड, अर्थिंग आणि टर्मिनेशन (लाइनच्या दोन्ही टोकांना लावलेले रेझिस्टर, म्हणजे टर्मिनेटर) बघायचं. पण लाइन बंद, वरून फोनवर फोन, आणि समोरचा इतक्या खात्रीने बोलत होता.

तो मॉड्यूल 'तपासायला' घेऊन गेला. दोन दिवसांनी खोक्यातलं चकचकीत नवीन घेऊन आला. जुनं भंगारात गेलं म्हणाला, मीही मान डोलावली. बसवताना मला ड्रॉइंग आणायला पाठवलं. परत आलो तर सगळं सुरळीत! बिल नव्या मॉड्यूलचं आलं, ते आम्ही भरलंही.

महिन्याभराने बॅकअप घेताना सॉफ्टवेअरमध्ये मॉड्यूलची माहिती उघडली. सीरियल नंबर ओळखीचा वाटला. जुन्या बॅकअपसोबत ठेवलेला स्क्रीनशॉट काढला, तर अंक न् अंक तोच. वरचं स्टिकर बदलता येतं, मॉड्यूलच्या मेमरीतला नंबर तसा बदलत नाही.

मग बिघाड गेला कसा? वही काढली. तो येण्याच्या आदल्या दिवशी, सप्लाय बंद करून मी लाइनच्या ए आणि बी या दोन डेटा तारांमध्ये रेझिस्टन्स मोजला होता: ४० ओहम. लिहून ठेवला, अर्थ लावला नाही. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर असेल तर मीटरवर साधारण ६० यायला हवेत. ४० म्हणजे तीन टर्मिनेटर. नव्या ड्राइव्हवर आम्ही तो लावला, पण आधीच्या शेवटच्या, म्हणजे पाचव्याचा टर्मिनेटर चालू-बंद करणारा छोटा डिप स्विच चालूच राहिला होता. सिग्नल दुबळा पडला, त्यात मोटारीचा नॉइज. आता मोजलं तर ६०, आणि पाचव्याचा स्विच बंद. मी ड्रॉइंग शोधत होतो तेव्हाच तो बंद झाला असणार. सिद्ध करता येत नाही, पण आमच्यापैकी कोणीच त्याला हात लावलेला नव्हता.

मॉड्यूल गेलंय असं कोणी म्हटलं तर त्याच्याकडून एक चाचणी समोर करून घ्या. बाकी सगळी लाइन सोडवा, एकच ड्राइव्ह हातभर केबलने मॉड्यूलला जोडा, ॲड्रेस, बॉड रेट, पॅरिटी या संपर्काच्या सेटिंग्ज जुळवा आणि तीच मोटार चालवा. बोलणं नीट झालं तर मॉड्यूल ठीक आहे, दोष बाहेर आहे. पाच-दहा मिनिटांचं काम. मॉड्यूल बाहेर जाऊ देण्याआधी सीरियल नंबर सॉफ्टवेअरमधून टिपा, स्टिकरवरून नाही. आणि बदललेला भाग, भंगार का असेना, आपल्याकडेच ठेवून घ्या.

त्याला फोन केला. सीरियल नंबर म्हणताच रेंज गेली. ती अजून आलेली नाही.