फिश ऑइलच्या कॅप्सूल: नऊ महिने घेतल्यानंतर

गेल्या नोव्हेंबरात रक्त तपासलं तेव्हा ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, 318 निघाले. हा आकडा 150 च्या आत हवा. माझं वय 49, आणि बाबांना पन्नाशीतच हार्ट अटॅक आला होता. रिपोर्ट बघून हातपाय गार पडले. डॉक्टरांना न विचारताच मेडिकलमधून ‘फिश ऑइल 1000 मिग्रॅ’ लिहिलेली बाटली आणली आणि रोज एक कॅप्सूल सुरू केली. फेब्रुवारीत पुन्हा रक्त दिलं, तर 309. तीन महिन्यांत काहीच हाती लागलं नव्हतं.

मग डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी बाटलीचं मागचं लेबल वाचायला लावलं. घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला कळकळीने वाटतं. पुढे लिहिलेले 1000 मिलीग्रॅम हे नुसत्या तेलाचं वजन असतं. कामाची असतात त्यातली दोन ओमेगा-3 फॅटी ॲसिड्स, ईपीए आणि डीएचए. माझ्या कॅप्सूलमध्ये ती 180 आणि 120, म्हणजे मिळून फक्त 300. ट्रायग्लिसराइड्स उतरवायला ही दोन्ही मिळून दिवसाला 2 ते 4 ग्रॅम लागतात, तेव्हा कुठे 20 ते 30 टक्के फरक पडू शकतो. त्या बाटलीतून तेवढं मिळवायचं तर रोज किमान सात कॅप्सूल गिळाव्या लागल्या असत्या.

डॉक्टरांनी बदलून दिलेल्या कॅप्सूलमध्ये दोन्ही मिळून 600 आहेत. सकाळी दोन, रात्री दोन. पण त्याआधी त्यांनी ईसीजी काढला, छातीत धडधड होते का आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हेही विचारलं. जास्त डोसमध्ये काही जणांच्या हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. म्हणून एवढा डोस स्वतःच्या मनाने कोणी सुरू करू नये.

मे महिन्यात आकडा 236 वर आला. त्याच काळात मी चहातली साखर आणि संध्याकाळचं फरसाण बंद केलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय कॅप्सूलला देणार नाही. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, मात्र 118 वरून 126 झालं. डीएचए असलेल्या तेलाने असं थोडं होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाल्या.

गुडघे दुखायचे तसेच दुखतात. केस गळायचे थांबले नाहीत. पेपर तपासून डोळे कोरडे पडतात, त्यातही फरक नाही. अमेरिकेत 2018 साली कोरड्या डोळ्यांवर अभ्यास झाला होता. त्यात वर्षभर रोज 3 ग्रॅम ओमेगा-3 घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. हृदयाचंही तसंच. सुमारे 26,000 लोकांच्या व्हायटल चाचणीत रोज 1 ग्रॅमने हृदयविकाराच्या मोठ्या घटना ठळकपणे कमी झाल्या नाहीत. रिड्यूस-इट या चाचणीत 25 टक्के घट दिसली, पण तिथे शुद्ध ईपीएचं 4 ग्रॅम औषध होतं, आणि तेही ट्रायग्लिसराइड्स वाढलेल्या, हृदयविकार असलेल्या किंवा मोठा धोका असलेल्या रुग्णांना. माझ्या पहिल्या बाटलीशी त्याचा काही संबंध नाही.

उपाशीपोटी घेतलं की दिवसभर माशाचे ढेकर येतात. भरपेट जेवणानंतर घेतलं की जवळजवळ नाहीत. एप्रिलच्या उन्हात पार्सलने आलेल्या एका बाटलीतल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या होत्या. एक सुईने फोडली तर तेल खवट. अख्खी बाटली टाकून दिली. तेव्हापासून दुकानातूनच आणते, फ्रीजमध्ये ठेवते आणि नव्या बाटलीतली एक फोडून वास घेते. कॉड लिव्हर ऑइल हे वेगळं, त्यात अ जीवनसत्त्व असतं आणि ते जास्त झालं तर अपाय होतो; डोस वाढवायला त्याच्या चार-पाच घेऊ नका.

देवगडला आईकडे गेले तेव्हा बाटली बघून ती म्हणाली, “बांगडे सोडून ह्यो गोळ्यो कित्याक खातस गो?” तिचं म्हणणं माझ्या मनाला लागलं. बांगडा आणि तारली दोन्ही तेलकट मासे, हीच ॲसिड्स त्यांच्यात भरपूर. पुण्यात आल्यापासून आम्ही सुरमई आणि पापलेटच आणायचो. आता आठवड्यातून दोनदा बांगडा असतो, तळलेला नाही, तिरफळं घालून तिखलं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताजा बांगडा मिळणं अवघड झालं आणि कॅप्सूलचा आधार वाटला.

नवरा शाकाहारी. तो जवसाची चटणी खातो, पण जवसातल्या ओमेगा-3 चं शरीरात ईपीए फारच थोडं होतं. त्याच्यासाठी शेवाळाच्या तेलाच्या कॅप्सूल बघते आहे. वरचं आवरण प्राण्यांपासून बनणाऱ्या जिलेटिनचं नाही ना, हे तिथेही तपासावं लागतं.

ऑगस्टचा रिपोर्ट 214. डोस तोच ठेवला आहे, पुढची तपासणी नोव्हेंबरात.