डिस्प्ले येत नसताना मदरबोर्ड किती मदत करतो: एका बी४५० बोर्डचे परीक्षण

स्वतः जोडलेल्या संगणकाचे बटण पहिल्यांदा दाबले तेव्हा सगळे पंखे फिरले, कॅबिनेटमधले रंगीत दिवे लागले, आणि मॉनिटर मात्र ‘नो सिग्नल’ एवढे दाखवून काळा पडला. बोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो मदरबोर्ड) बी४५० चिपसेटचा, म्हणजे त्या भागांतला संवाद सांभाळणाऱ्या चिपचा, आणि एएम४ सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या जागेचा, त्यावर रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड अशी जुळणी होती. हे परीक्षण या मदरबोर्डचे आहे; त्यातही, संगणक सुरू होत नसताना तो मालकाला कितपत मार्ग दाखवतो, एवढ्याच अंगाने केलेले. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढच्या बहुतेक गोष्टी या पिढीच्या इतर बोर्डांनाही थोड्याफार फरकाने लागू पडतात.

माझा पहिला अर्धा तास माझ्याच चुकीत गेला. बोर्डच्या मागच्या बाजूला एचडीएमआयची जागा असल्याने मी मॉनिटरची केबल तिथेच लावली होती. रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्सची सोय नाही, त्यामुळे या प्रोसेसरबरोबर ती जागा निव्वळ शोभेची ठरते. ५६००जी असता तर तिथून चित्र आले असते. बोर्डसोबतच्या पुस्तिकेत हे एका ओळीत दिले आहे, पण ती ओळ अडचण आल्यावरच वाचली जाते. केबल ग्राफिक्स कार्डला लावली, तरी पडदा काळाच राहिला.

त्यानंतर या बोर्डची खरी जमेची बाजू कामी आली. मुख्य २४ पिनांच्या जोडणीजवळ चार बारीक एलईडी आहेत: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) आणि बूट (विंडोज ज्यावरून सुरू होते ती डिस्क). चालू होताना बोर्ड एकेका भागाची तपासणी करतो आणि जिथे अडतो तिथला दिवा लागून राहतो. बोर्डसोबत बीप देणारा छोटा स्पीकर मिळत नाही, म्हणून या दिव्यांवरच सारी भिस्त. दुर्दैवाने त्यांची नावे तिळाएवढ्या अक्षरांत छापली आहेत आणि २४ पिनांची जाड केबल नेमकी त्यांच्यावरच वाकते. मी एका हाताने केबल बाजूला धरली, दुसऱ्या हाताने मोबाइलवर फोटो काढला आणि तो मोठा करून वाचला, तेव्हा कुठे कळले की लागलेला दिवा सीपीयूचा आहे.

हा दिवा अडल्याचे ठिकाण सांगतो, कारण सांगत नाही. सीपीयूचा दिवा लागण्यामागे प्रोसेसरची ८ पिनांची वीजजोडणी राहिलेली असू शकते, प्रोसेसरची एखादी पिन वाकलेली असू शकते (एएम४ मध्ये पिना सॉकेटवर नसून प्रोसेसरच्याच पोटाखाली असतात), किंवा बोर्डमधील बायोसला (संगणक चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या प्रणालीला) तो प्रोसेसर ओळखताच येत नसेल. एसएमपीएसमधून (वीजपुरवठ्याच्या डब्यातून) आलेली ८ पिनांची केबल काढून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवली. कूलर उतरवून, पेस्ट पुसून प्रोसेसर उजेडात आडवा धरला. पिनांच्या रांगा सरळ होत्या. रॅमची एकच पट्टी प्रोसेसरकडून दुसऱ्या खाचेत ठेवली, प्लग काढून बायोसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत आणण्यासाठी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सीमॉसच्या (त्या सेटिंग्ज साठवणाऱ्या भागाच्या) दोन पिना काही सेकंद जोडून धरल्या. दिवा तोच.

मग राहिला बायोस. बी४५० हा चिपसेट २०१८ चा आणि रायझन ५ ५६०० बाजारात आला २०२२ मध्ये. बोर्डच्या माहितीत ५००० मालिका चालते असे ठळकपणे म्हटले आहे, त्यासाठी बायोस नवा हवा ही अट मात्र तारांकित तळटीपेत आहे, आणि पेटीतल्या बोर्डमध्ये कोणती आवृत्ती आहे हे पेटीवर कुठेही लिहिलेले नाही. ही माझी सर्वांत मोठी तक्रार. बायोस बदलायला संगणक सुरू व्हावा लागतो आणि संगणक सुरू व्हायला बायोस बदलावा लागतो, अशा कोंडीत ग्राहकाला ढकलताना निदान पेटीवर एक चिकटपट्टी लावायला काय हरकत होती?

या कोंडीतून बाहेर काढणारे बटण याच बोर्डवर आहे, म्हणून तक्रार करूनही मी त्याला चांगले गुण देतो. मागच्या बाजूला ठरावीक यूएसबी जागेजवळ बायोस फ्लॅशचे (नवा बायोस भरण्याचे) बटण असून ते प्रोसेसर आणि रॅम नसतानाही चालते. फक्त २४ आणि ८ पिनांच्या जोडण्या लावलेल्या हव्यात. दुसऱ्या संगणकावरून नव्या बायोसची फाइल उतरवून तिला पुस्तिकेत दिलेले नाव द्यायचे, ती एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाकायची आणि बटण दाबून धरायचे. माझा पहिला प्रयत्न फसला: पेनड्राइव्ह एक्सफॅट या वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, दिवा थोडा लुकलुकून थांबला. दुसराही फसला, कारण विंडोज फाइलच्या नावाचे शेपूट (फाइलचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरे) लपवते आणि मी ते नव्याने जोडल्यामुळे नावाच्या शेवटी ‘रॉम’ दोनदा आले होते. तिसऱ्या खेपेला दिवा सहा-सात मिनिटे संथपणे लुकलुकत राहिला. तेवढा वेळ वीज जाऊ नये, एवढीच धाकधूक होती.

यानंतर सीपीयूचा दिवा क्षणभर लागून विझला. दुसरी रॅम पट्टी परत बसवल्यावर डीरॅमचा दिवा अडकला, पण त्याचे कारण लगेच सापडले: या बोर्डवरील रॅमच्या खाचांना एकाच टोकाला खटका आहे, आणि दुसरे टोक बोटाने पक्के दाबले नाही तर पट्टी बसल्यासारखी दिसते, बसलेली नसते. ते टोक दाबल्यावर बायोसचा पडदा मॉनिटरवर आला.

शेवटी बूटचा दिवा लागून राहिला आणि मी पुन्हा स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, तोही विनाकारण. डिस्कवर अजून विंडोज टाकलेलेच नव्हते. पुस्तिकेत या दिव्याबद्दल ‘बूट होणारे उपकरण सापडले नाही’ इतकेच आहे. नव्या संगणकात तो लागणारच, हे तिथे लिहिलेले नाही. विंडोज टाकून पूर्ण झाल्यावर तो विझला.