थेट की सविस्तर: सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांनी ईमेल कोणत्या पद्धतीने लिहावा?

अमेरिकेच्या सैन्यदलांत सेवेत असलेल्यांना, तेथून बाहेर पडलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना बँका, सरकारी कार्यालये, शाळा आणि कंपन्या यांच्याशी सतत पत्रव्यवहार करावा लागतो. त्यासाठी ईमेल लिहिण्याच्या दोन पद्धती त्यांच्यापुढे असतात. पहिल्या पद्धतीत मागणी पहिल्याच वाक्यात येते आणि कारणे मागाहून, तीही मोजक्या शब्दांत. ही सैन्यात अंगवळणी पडलेली पद्धत. दुसरी नागरी जीवनातली: आधी ओळख, मग पार्श्वभूमी आणि शेवटी विनंती. या दोहोंपैकी निवड करताना आपल्या सवयीपेक्षा, ईमेल वाचून झाल्यावर समोरच्या माणसाला नेमके काय करायचे आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

थेट पद्धतीमागे लेखी नियम आहेत. अमेरिकी लष्कराच्या पत्रव्यवहारविषयक नियमावलीत, म्हणजे एआर २५-५० मध्ये, मुख्य मुद्दा सुरुवातीलाच मांडावा, कर्तरी प्रयोग वापरावा आणि मजकूर एकदा झरझर वाचून समजेल असा असावा, अशी अपेक्षा व्यक्त केलेली आहे. ज्या टेबलावर रोज अनेक अर्ज येतात आणि जिथे वाचणाऱ्याला एखादी नोंद बदलायची किंवा एखादा नियम लागू करायचा असतो, तिथे हीच पद्धत सरस ठरते. सेवेत येण्यापूर्वी घेतलेल्या गृहकर्जाचे उदाहरण घेऊ. २००३ च्या सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ कायद्यानुसार अशा कर्जावरील व्याज सेवाकाळात ६ टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही, आणि ६ टक्क्यांवरचे जादा व्याज पुढे ढकलले न जाता माफ होते. मात्र त्यासाठी कर्जदाराने लेखी मागणी आणि सेवेच्या आदेशाची प्रत सेवा संपल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. बँकेने अशा मागणीसाठी ईमेलचा मार्ग दिलेला असेल, तर विषयाच्या ओळीत ‘विनंती: गृहकर्जाचा व्याजदर ६ टक्के करणे’ इतके पुरेसे आहे. मजकूर, अर्थातच इंग्रजीत, साधारण असा असावा: ‘सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ कायद्यानुसार माझ्या गृहकर्जाचा व्याजदर सेवेत रुजू झाल्याच्या तारखेपासून ६ टक्के करावा. हे कर्ज सेवेपूर्वीचे आहे. आदेशाची प्रत सोबत जोडली आहे. सुधारित हप्ता कृपया लेखी कळवावा.’ हेच सविस्तर पद्धतीने लिहायचे म्हटले, तर नेमणूक कधी आली, घरखर्च कसा वाढला, हप्ता भरताना कशी ओढाताण होते, हे सर्व आधी येईल. त्यातले काहीही खोटे नसेल, पण त्यातल्या एकाही गोष्टीवर बँकेचा निर्णय अवलंबून नाही, आणि वाचणाऱ्याला ज्या तीन गोष्टी हव्या आहेत त्या चौथ्या परिच्छेदात दडून बसतील.

तरीही थेट पद्धत सैन्याबाहेर जशीच्या तशी नेता येत नाही. सैन्यातल्या संदेशांना फ्लॅश, इमिजिएट, प्रायॉरिटी आणि रूटीन असे अग्रक्रम असतात आणि प्रत्येकाचा अर्थ ठरलेला असतो. नागरी कार्यालयात मात्र विषयाच्या ओळीत ‘तातडीचे’ असे लिहिल्याने काहीच हलत नाही, उलट ‘१५ मेपूर्वी उत्तर अपेक्षित’ असे लिहिले तर निदान कुणीतरी कॅलेंडर पाहते. तारखांचेही तसेच आहे. सैनिक आधी दिवस आणि मग महिना लिहितो, तर अमेरिकेतला सामान्य नागरिक आधी महिना लिहितो, त्यामुळे ०३/०४ ही तारीख मार्चमधली की एप्रिलमधली हे वाचणाऱ्यावर अवलंबून राहते. महिन्याचे नाव अक्षरांत लिहिणे हाच त्यावरचा साधा उपाय आहे.

नोकरी शोधणाऱ्या माजी सैनिकाने मात्र सविस्तर पद्धतीकडे झुकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘९२वाय, ई-६’ या कामाच्या आणि वेतनश्रेणीच्या संकेतांवरून युनिटमधल्या लोकांना सगळे कळते. कंपनीत उमेदवार निवडणाऱ्या व्यक्तीला त्यातून काहीच कळत नाही. ‘युनिटच्या साहित्याचा साठा, मागणी आणि हिशेब सांभाळत होतो, आणि तेच काम करणाऱ्या कनिष्ठ सहकाऱ्यांना शिकवत होतो’ असे लिहिले, तर तीच माहिती त्या व्यक्तीला आपल्या गोदामाशी जोडून पाहता येते. इथे वाचणाऱ्याला एखादा नियम लागू करायचा नसतो, तर एका अनोळखी माणसाविषयी मत बनवायचे असते, म्हणून चार वाक्यांची पार्श्वभूमी वाया जात नाही. अर्थात चारच, चौदा नव्हेत. सेवामुक्तीचा दाखला, म्हणजे डीडी-२१४, पहिल्याच ईमेलला जोडण्याचा मोह टाळावा, कारण त्यावर सोशल सिक्युरिटी क्रमांक असतो आणि साध्या ईमेलने तो कुठवर जाईल हे आपल्या हातात राहत नाही. मागणी झाल्यावर तो सुरक्षित मार्गाने देता येतो.

कुटुंबीयांची अडचण वेगळीच आहे, आणि या दोन पद्धतींची तुलना तिथे काहीशी अपुरी पडते. पत्नीने किंवा वडिलांनी कितीही नेटका ईमेल लिहिला, तरी १९७४ च्या प्रायव्हसी ॲक्टमुळे सरकारी कार्यालये सैनिकाच्या नोंदींतली माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय सहसा देत नाहीत; लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाकडे गाऱ्हाणे नेले, तरी तिथेही आधी सहीचे संमतिपत्र मागितले जाते. म्हणून कुटुंबीयांच्या ईमेलचे पहिले वाक्य आपण कोण आणि कोणत्या अधिकाराने लिहीत आहोत हे सांगणारे असावे, आणि मुखत्यारपत्र किंवा संमतिपत्र त्याच ईमेलसोबत असल्याचा उल्लेख दुसऱ्या वाक्यात यावा. मागणी तिसऱ्या वाक्यात आली तरी चालते. शाळेला लिहिताना मात्र सूर मोकळा ठेवावा, कारण शिक्षिकेला कागदपत्रे नको असतात, मूल गप्प का झाले आहे हे समजून घ्यायचे असते. इथे एक पथ्य पाळावे लागते: आई किंवा वडील कोणत्या तारखेला, कोणत्या तुकडीसोबत, कुठे जाणार आहेत हे लिहू नये, ‘पुढील काही महिने घरापासून दूर असतील’ एवढ्याने शिक्षिकेचे काम भागते.

काही प्रसंगी दोन्ही पद्धती बाजूला ठेवाव्या लागतात. घरात गंभीर आजार किंवा मृत्यू झाला आणि सैनिकाला बोलावून घ्यायचे असेल, तर वरिष्ठाला ईमेल करून वाट पाहण्यापेक्षा अमेरिकन रेड क्रॉसकडे निरोप द्यावा, कारण ती संस्था घटनेची खातरजमा करून युनिटला कळवते आणि रजेचा निर्णय घेताना वरिष्ठ त्या खातरजमेचा आधार घेतात. माजी सैनिकांच्या अपंगत्वाच्या दाव्याबाबतही असेच आहे. पूर्वी व्हेटरन्स अफेअर्स विभागाला साध्या पत्रातूनही अनौपचारिक दावा कळवता येत असे. मार्च २०१५ पासून ती सोय बंद झाली आणि ठरलेला नमुना आवश्यक झाला. आज ‘दावा करण्याचा इरादा’ नोंदवणारा २१-०९६६ हा अर्ज भरला, तर पूर्ण दावा दाखल करायला एक वर्ष मिळते आणि लाभ सुरू होण्याची संभाव्य तारीख राखली जाते. त्याऐवजी पाठवलेला ईमेल, मग तो कितीही सुबक असो, ती तारीख राखत नाही.

उरतो प्रश्न कोणत्या ईमेल खात्यावरून लिहायचे याचा. सेवेत असताना सरकारी ईमेल खात्याला वजन असते. पण सीएसी कार्डाच्या, म्हणजे सैन्यदलांच्या चिप असलेल्या ओळखपत्राच्या, आधारे कूटबद्ध केलेला ईमेल, समोरच्याकडे योग्य प्रमाणपत्र नसल्यास, त्याला उघडताच येत नाही, आणि खासगी कर्जाचा किंवा घरभाड्याचा वाद सरकारी खात्यावरून लढवणे योग्यही नाही. सेवा संपल्यावर ते खाते बंद होते आणि त्यावरचा जुना पत्रव्यवहारही हाती राहत नाही. त्यामुळे वैयक्तिक कामकाजाचे सर्व ईमेल पहिल्यापासून खासगी खात्यावरून करावेत, खात्याचे नाव टोपणनावाऐवजी स्वतःचे ठेवावे, आणि निवृत्ती जवळ आली असल्यास बँक, विमा आणि पेन्शन यांच्याकडे नवा ईमेल पत्ता जुने खाते चालू असतानाच नोंदवून त्याची पोच मागून घ्यावी.